पावडरीचा वास येतोय, ते एक बरं आहे

वाचकाचं पत्र :

ताई, आम्ही वाळवा तालुक्यातल्या एका छोट्या शहरात राहतो. गावाचं नाव छापू नका. नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही सकाळी तासभर. पाऊस सुरू झाल्यापासून पहिलं पाणी पिवळट येतंय. कधी पावडरीचा इतका वास येतो की चहासुद्धा नकोसा होतो, कधी अजिबात वास नसतो. माझी लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आहे, आणि आमच्या गल्लीत दोन घरांत कावीळ झाली आहे. परवा एक माणूस दारात आला. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन कांड्या सोडून बटण दाबलं तर पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. त्याच्या मशीनच्या पाण्याला काहीच झालं नाही. अठरा हजारांची मशीन हप्त्याने देतो म्हणाला. आमचे मालक म्हणतात, आम्ही नदीचं पाणी पिऊन वाढलो, काही होत नाही. फारच वाटत असेल तर शेजारच्यांच्या बोअरचं आणू, ते एकदम नितळ आहे. नळाला दाब नाही म्हणून मालकांनी नळालाच मोटार जोडली आहे. लेकीला कुठलं पाणी देऊ?

ताई,

मशीन, बोअर, मोटार या सगळ्यांकडे येते, पण आधी लेकीचं. आजपासून तिच्या पोटात जाईल ते पाणी उकळलेलंच असू दे. बऱ्याच घरांत तळातून बारीक बुडबुडे यायला लागले की गॅस बंद होतो. तेवढ्याने भागत नाही. पाणी खळखळून उसळलं पाहिजे आणि त्यानंतर एक मिनिट तसंच उसळत राहिलं पाहिजे. वीस-वीस मिनिटं आटवत बसू नका, गॅस फुकट जातो. गाळायचं असेल तर उकळण्याआधी गाळा. मग त्याच पातेल्यात झाकून निवू द्या आणि त्यातूनच लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या. उकळलेलं पाणी कालच्या माठात ओतलं आणि त्यात कुणी हातासकट पेला बुडवला, की सगळी मेहनत वाया. दिवसभरात संपेल एवढंच उकळा.

पिण्याचं म्हटलं की आपण फक्त पेल्यातलं धरतो. ताकात घातलेलं, कोथिंबीर-काकडी धुतलेलं, दात घासताना चूळ भरलेलं, गाड्यावरच्या सरबतातल्या बर्फाचं, सगळं त्यातच आलं. लेकीला डोहाळे पाणीपुरीचे लागले असतील तर वाईटपणा तुम्हालाच घ्यावा लागेल.

इतकी घाई त्या दोन काविळींमुळे. पाण्यातून येणारी कावीळ प्रामुख्याने दोन विषाणूंची, हेपॅटायटिस ए आणि हेपॅटायटिस ई. गल्लीतली कुठली ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. धडधाकट माणूस बहुतेक वेळा दोन्हींतून विश्रांतीवर बरा होतो. पण ई गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर प्रकरण जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्या अवस्थेत लागण झालेल्या शंभर बायकांपैकी वीस ते पंचवीस दगावू शकतात. तुमच्या लेकीचे ते महिने आता सुरू होतायत. घाबरवायचं म्हणून लिहीत नाही, पण हे तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलेलं दिसत नाही. इचलकरंजी तुमच्यापासून काही लांब नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे याच ईची साथ आली होती आणि माणसं गेली होती.

आणखी एक. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे त्या दोन घरांनी वाईट पाणी प्यायलं ते बहुधा महिना-दीड महिन्यापूर्वी. आज नळाचं पाणी चांगलं निघालं तरी निर्धास्त होता येत नाही. लेकीच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करून सांगा की गल्लीत कावीळ आहे. तिला मळमळ, उलट्या, अन्न नकोसं होणं, गडद पिवळी लघवी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. नाकात थेंब, गळ्यात माळ, झाडपाल्याचा रस हे आपल्याकडे घरोघर चालतं हे मला माहीत आहे. गरोदर बाईवर यातलं काहीही करू नका, कितीही जवळच्या नातलगाने सांगितलं तरी.

आता पावडरीचा वास. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकली ती ओळ म्हणजे ‘कधी अजिबात वास नसतो’. वास येतो याची तक्रार करणारी पत्रं माझ्याकडे ढीगभर येतात, वास येत नाही म्हणून कुणी लिहीत नाही.

फिल्टर हाऊसला, म्हणजे नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात, पाण्यात क्लोरीन सोडतात, किंवा टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिथले जंतू मारणं हे त्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम पाइपात असतं: थोडा क्लोरीन शिल्लक राहून तुमच्या नळापर्यंत पाण्याच्या सोबत यायला हवा, म्हणजे वाटेत घाण शिरली तर तिला तो भिडेल. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात हा शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असं लिहिलंय. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. गल्लीत कावीळ असताना ०.५ चा आकडा धरायचा. वास अजिबात नाही याचा अर्थ बऱ्याचदा असा, की त्या दिवशी पावडर पडलीच नाही, किंवा पडली पण वाटेतल्या घाणीशी झगडून संपली. पावडर जुनी असली तरी असं होतं. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली, गुठळ्या झाल्या, की तिच्यातला जोर जातो आणि टाकणारा मात्र नेहमीच्याच मापाने टाकत राहतो.

अर्थात नाकावर फार भरवसा ठेवायचा नाही. क्लोरीन घाणीशी झगडतो तेव्हा होणाऱ्या संयुगांचा वास उलट जास्त उग्र येतो. म्हणून टेस्ट करायची. माझी नोकरीची सगळी वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिथल्या सगळ्या यंत्रांपेक्षा मला एका साध्या काचेच्या नळीचं मोल जास्त वाटत आलंय. नळीत खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीच्या (ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या) बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच, अगदी दहा सेकंदांच्या आत, शेजारच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, जितका गडद तितका जास्त. पाणी पांढरंच राहिलं तर काही नाही. पाच मिनिटांनी येणारा पिवळेपणा मोजायचा नाही, तो घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा. नव्या किटमध्ये पिवळ्याऐवजी गुलाबी रंग येतो. तपासलेलं पाणी मोरीत ओता, भांड्यात परत घालू नका. हे किट नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे असतं. पाणी येण्याच्या वेळेला त्यांना तुमच्याच नळावर बोलवा. टाकीखालच्या नळावर काढलेला आकडा तुमच्या गल्लीच्या टोकाला लागू पडत नाही.

वास नकोसा होतो म्हणालात, तर पिण्याचं पाणी उकळल्यावर तो आपोआप जातो. पण क्लोरीनही गेलेला असतो, म्हणूनच झाकण आणि ओगराळं यांवर मी एवढा जोर दिला.

मग घाण शिरते कुठून? नदीतून आलेली बरीचशी फिल्टर हाऊसला अडते. माझ्या पाहण्यात गल्लीतल्या काविळीचं मूळ बहुतेक वेळा शेवटच्या दोनशे फुटांत सापडतं. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि उरलेले सत्तेचाळीस तास पाइप रिकामा असतो. रस्त्यातली मुख्य लाइन एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, मध्ये गटार. मग तुमचं कनेक्शन जातं ते गटारातून. गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं तरी पाणी चालू असताना ते बाहेर फवारा मारतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पाणी बंद झालं, पाइपातला दाब गेला, की त्याच भोकातून गटार आत झिरपतं. दुसऱ्या खेपेला नळ सुटतो तेव्हा पहिलं पाणी हेच.

यात तुमची मोटार. नळीने ताक ओढावं तशी ती लाइनमधून पाणी ओढते, आणि पुढून पुरेसं येत नसलं की जिथून मिळेल तिथून, म्हणजे त्या भोकातून, गटाराचं आत खेचते. तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्याही पाण्यात. थेट नळाला मोटार लावायला नगरपालिकांची बंदी असते ती फक्त पाणी वाटून यावं म्हणून नाही. मालकांना म्हणावं, मोटार आजच काढा. जमिनीलगत एक टाकी ठेवा, नळाचं पाणी आपल्या दाबाने तिच्यात पडू दे आणि मोटार त्या टाकीवर लावा. वेळ लागेल, पाणी थोडं कमी मिळेल, पण ते पाणी असेल.

आणि एखाद्या संध्याकाळी मालकांना घेऊन मीटरपासून रस्त्यातल्या लाइनपर्यंत चालत जा. कनेक्शन कुठून जातं ते डोळ्यांनी बघा. गटारात बुडालेलं असेल तर प्लंबरकडून गटाराच्या वरून, जाड प्लास्टिक पाइपाचं, मध्ये सांधा न ठेवता नवीन करून घ्या. नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते, ती घ्या. अंतर फार नसेल तर अठरा हजारांतून बरेच पैसे उरतील.

पिवळट पाण्याचं फारसं मनावर घेऊ नका, पण दुर्लक्षही नको. पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला मऊ चिखल बसला तर पावसाने नदी गढूळ झाली आणि फिल्टरला तुरटीचं माप चुकतंय. तांबूस कण असतील तर पाइपाचा गंज. चिखल जास्त वाईट, कारण त्याच्या आड जंतू दडतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. घरी तुरटी फिरवली तर पाणी नितळेल, जंतू मरणार नाहीत. सुरुवातीचं पाणी पिंपात धुण्याभांड्यांसाठी घ्या, पिण्याचं पंधरा-वीस मिनिटांनी भरा. तांब्याच्या हंड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच: हंडा छान, घासूनपुसून ठेवा, पण काविळीच्या विषाणूसाठी त्यावर विसंबू नका.

आता तो दारात आलेला माणूस. त्याच्या त्या दोन कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुम्ही पाहिलेला तपकिरी गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्याच्या कांडीचा होता. मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असल्याने त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुन्हा आला तर त्याला बसवा, चहा द्या, त्याच्याच मशीनचं पाणी पेल्यात घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता दाबा बटण. पाणी त्याच्या देखत तपकिरी होईल. मोठमोठ्या शहरांतले शिकलेले लोक या खेळाला फसले आहेत, तेव्हा तुम्ही स्वतःला बोल लावू नका.

तो एक पेनासारखं मीटरही दाखवेल, टीडीएसचं. ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, बाकी काही नाही. काविळीचा विषाणू त्या मीटरला दिसत नाही. मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि कृष्णा-कोयनेचं नळाचं पाणी बहुतेक वेळा त्याच्या आत असतं. तो विकतो तसली आरओ मशीन, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळणारी, वाईट नाही, पण तिचं खरं काम क्षार काढायचं. त्यासाठी ती एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते, आणि तुमच्याकडे तर पाणी दिवसाआड. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरू देऊ नका. हे त्या माणसाने सांगितलं नसणार.

बोअरबाबत मालकांशी माझं अजिबात पटणार नाही. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात ऊस, पाट आणि खत यांनी जमिनी क्षारपड झाल्या, हे शेतकऱ्याच्या घरात मी सांगायला नको. तेच क्षार आणि खताचं नायट्रेट खाली भूजलात उतरतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणी मिळत नसेल तर थोडं जास्त चालेल अशी सवलत या बाबतीत दिलेली नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, बाळ निळं पडतं. त्यातून गल्लीतल्या बोअरला क्लोरीन कोण टाकतं? शेजारीच कुणाचा तरी शोषखड्डा असतो. म्हणून तपासल्याशिवाय ते नितळ पाणी लेकीला नको. बाळ झाल्यावर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उकळलेल्या पाण्याचा चमचाही नाही, घुटी तर नाहीच. जारच्या पाण्याचंही तेच: सील नसलेला जार कुठल्या बोअरवर भरला ते तुम्हाला कोण सांगणार?

‘आम्ही नदीचं पाणी पिऊन वाढलो’ हे मी माझ्या माहेरीही ऐकत आले आहे. हगवणीने जी मुलं गेली ती आज हे वाक्य बोलायला नाहीत. आणि नदीही ती राहिलेली नाही. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा तुमच्या जॅकवेलपर्यंत (नगरपालिका नदीतून पाणी उपसते त्या विहिरीपर्यंत) येते तेव्हा वाई, कराड आणि वाटेतल्या सगळ्या गावांचं सांडपाणी घेऊन येते. काठाने साखर कारखाने आहेत. मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या मालकांनीही वाचल्या असतीलच.

आता नगरपालिका. पाणीपुरवठा हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने तिचं बंधनकारक काम आहे, त्यामुळे मेहेरबानी मागतोय असा अर्ज लिहू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहा, गल्लीतल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. त्यात लिहा की गल्लीत कावीळ आहे, अमुक अमुक तारखांना पाण्याला क्लोरीनचा वास नव्हता, गल्लीतली गळती शोधून बंद करावी, आणि आमच्या भागातल्या शेवटच्या नळावरचे गेल्या महिन्याचे ओटी टेस्टचे आकडे व जंतू तपासणीचा शेवटचा अहवाल दाखवावा. दाखवला नाही तर माहिती अधिकारात मागा. तारखा आजपासूनच कॅलेंडरवर लिहायला लागा. काविळीची खबर मात्र अर्जाची वाट न बघता आजच सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंना द्या. दोन रुग्ण दोन वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांकडे गेले तर ही साथ आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

पाणी स्वतःही तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यात आहे, खाजगी व्यक्तीचा नमुनाही फी भरून तपासतात. क्षार आणि नायट्रेटसाठी स्वच्छ बाटलीत एक-दोन लिटर पाणी चालतं. जंतूंसाठी बाटली त्यांच्याकडूनच आणा. ती निर्जंतुक केलेली असते आणि आत क्लोरीन थांबवणारं औषध असतं. घरची पाण्याची बाटली भरून नेली तर तो रिपोर्ट कशाचाच नाही. नमुना घेण्याआधी नळाचं तोंड पुसून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, आत बोट लावू नका, आणि बाटली बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. एक नमुना नळाचा, एक गच्चीवरच्या टाकीचा. दोन्हींत फरक निघाला तर टाकी घासायला काढा. घासून झाल्यावर हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम ताजी टीसीएल: बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणीच टाकीत ओता, अर्धा तास थांबा. हे काम लेकीच्या हाती देऊ नका, पावडरीची वाफ वाईट.

शेजाऱ्यांची हरकत नसेल तर बोअरचाही एक नमुना द्या, मालकांचं समाधान होईल. रिपोर्ट आले की फोटो काढून पाठवा. टीडीएस आणि नायट्रेटचे आकडे मर्यादेत असतील तर आरओची गरज नाही. उकळायचा कंटाळा येत असेल तर साधा यूव्हीवाला, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, फिल्टर पुरे होईल, फक्त पाणी गढूळ असताना त्यावर विसंबायचं नाही. आकडे वर निघाले तर कुठली मशीन घ्यायची ते मीच सांगेन. तोपर्यंत हप्त्याच्या कागदावर मालकांना सही करू देऊ नका.